ठमाच्या नवऱ्याचं नाव

नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं ठमाला तिच्या आईने सांगितलं होतं. आईला तिच्या आईने सांगितलं होतं, आणि त्या आजीला कोणी सांगितलं हे विचारायची सोय नव्हती, कारण ती केव्हाच वर गेली होती. म्हणून ठमाने लग्नाच्या चौदा वर्षांत नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं. उंबरठ्यावरचं माप ओलांडताना, उखाण्यात, तेही इतकं हळू की शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यालाही ऐकू गेलं नाही.

त्या चौदांतली बारा वर्षं नवरा घरी नव्हताच. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तो मुंबईला जाऊन कुठल्याशा शिडाच्या बतेल्यावर खलाशी म्हणून चढला. जाताना, दोन दिवाळ्यांत येतो म्हणाला. डोंबिवलीच्या खाडीकाठी ठमाचं गाव, गावाला लागून मिठागर. तिथे कमरेत वाकून मीठ ओढता ओढता तिने बारा दिवाळ्या काढल्या.

ती काही नुसती बसून राहिली नव्हती. दर आठ दिवसांनी मिठाची पाटी डोक्यावर घेऊन ती कल्याणच्या बाजारात जाई, आणि मीठ खपलं की बंदरावर जाऊन जो खलाशी दिसेल त्याला गाठी. "आमचं मानूस दिसलं का कुठं? उंच हाय, सावलं हाय." खलाशी म्हणत, बाय, आम्ही सगळेच उंच आणि सावळे. नाव सांग. मग ठमा पदर दातांत धरून सांगे, "रामाच्या नावातलं हाय." खलाशी डोकं खाजवत आणि नाही म्हणत. तुम्ही म्हणाल, बाई वेडी होती. वेडी नव्हती. नवऱ्याला शोधायचं आणि त्याचं आयुष्यही कापायचं नाही, या दोन्ही गोष्टी तिला एकदम करायच्या होत्या, आणि तिच्या जागी तिच्या गावातली कोणतीही बाई असती तरी तिने हेच केलं असतं.

त्या दोन दिवाळ्या उलटल्यावर दीर काळुराम दोन वर्षं मुंबईच्या धक्क्यावर चौकशी करून आला होता. नंतर त्याने नाद सोडला. माणूस वाईट नव्हता, पण घरात एक गोष्ट अर्धवट लोंबकळत राहिलेली त्याला खपत नसे. या वर्षी पौषात तो म्हणाला, "वयनी, बारा वर्सं भरली. भटजींना इचारलंय. माघातल्या अवसेला पलसाच्या पानांचा पुतला करायचा न् अग्नी द्यायचा. त्याच्या जिवाला गती भेटंल."

"न् तो जिता असंल तं?"

"बारा वर्सं जिता मानूस गप बसतो का?"

पुतळा जळाला की तिने बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं. ठमाला कुंकवाची फार हौस होती असं नाही. पण तिन्हीसांजेला खाडीकडे बघत उभं राहायचा जो एक हक्क तिच्याकडे उरला होता, तो त्या पानांबरोबर जळणार होता. विधवेने वाट कोणाची बघायची?

अमावास्येला आठ दिवस उरले असताना ती पाटी घेऊन कल्याणला गेली, तर बाजार अर्धा बंद. मशिदीपासून बंदरापर्यंत रस्ताभर माणसं. कल्याणचे कोकणी मुसलमान होतेच, शिवाय ठाण्याहून सकाळच्या गाडीने आलेली मंडळी होती, तांदळाचे व्यापारी होते, चार-दोन वकील पगड्या सावरत चालले होते. पुढे हिरवं निशाण. ना ढोल, ना ताशा. चार-चार जणांनी चादरी चारी कोपऱ्यांना धरून ताणल्या होत्या, आणि माडीवरून बायका त्यांत घोंगड्या, गोधड्या, जुने अंगरखे टाकत होत्या.

"कोन मेलं का?" ठमाने एका भाजीवालीला विचारलं.

"मेलं नाय, मरतायत," भाजीवाली म्हणाली. "रूमच्या मुलखात, तुर्कांच्या सुलतानाच्या, रूसची फौज शिरली. गावं जाळली. बायापोरं बर्फातून पळत सुटलीत म्हणे. त्यांना कपडे पाठवतायत."

"बर्फ म्हंजे?"

भाजीवालीने तरी कुठे पाहिला होता? तिने ठमाच्या पाटीकडे बोट दाखवलं. "हे असं. सगळ्या जमिनीवर."

ठमाने पाटीत पाहिलं. मिठावर अनवाणी चालणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. मिठागरावर भेगांत खार शिरला की रात्री पाय खोबरेल लावूनही निवत नाहीत. आणि ही माणसं पोरं काखेत घेऊन, गावच्या गावं मागे टाकून, दिवसच्या दिवस मिठावरून चालतायत! तिचा जीव कळवळला. पाटीखाली चुंबळीच्या जागी ती एक जुनी वाकळ घडी करून ठेवी. ती तिने काढली, झटकली आणि समोरून जाणाऱ्या चादरीत टाकली. मग बोडक्या डोक्यावर पाटी घेऊन तीही मिरवणुकीच्या मागे चालू लागली. कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी हटकलंही नाही.

बंदरावर मचवा लागला होता. गाठोडी मुंबईला जायची, तिथून आगबोटीने जिद्द्याला, मक्केच्या बंदरात, आणि पुढे. धक्क्यावर एका खोक्यावर इसाकमिया मुनशी वही घेऊन बसले होते. कल्याणात ज्यांच्या शब्दाला वजन होतं अशा चार माणसांतले ते एक. सगळे थांबल्यावर ते उभे राहिले.

"तिकडे हजारो माणसांची चुकामूक झालीय," ते म्हणाले. "आई एका गावात, मूल दुसऱ्या. आपली दोन माणसं कपडे घेऊन जातायत, ती प्रत्येक बंदरात चौकशी करणार आहेत. तर म्हटलं, आपल्याकडेही समुद्राने नेलेली माणसं आहेत. ज्याचं कोणी परत आलं नसेल त्याने नाव लिहून द्या. तेही पुकारलं जाईल. जबाब यायला चार-सहा महिने लागतील."

चार-सहा महिने! मुनशींच्या वहीत नाव गेलं म्हटल्यावर काळुरामला पुतळा करता येणार नव्हता. जबाब येईपर्यंत थांबावंच लागलं असतं. तोवर ती सवाष्ण, तोवर खाडी तिची. ती माणसांतून वाट काढत खोक्यापाशी पोचली.

"मियाजी, आमचं मानूस लिवा."

"नाव?"

ठमाने पदर दातांत धरला.

"बाय, नाव सांग."

"रामाच्या नावातलं हाय."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. इसाकमिया हसले नाहीत. "हे बघ बाय," ते म्हणाले, "तिकडे धक्क्यावर उभं राहून माझी माणसं काय पुकारतील? रामाच्या नावातला कोण आहे, असं? तुझ्याबरोबर कोणी नाही का?"

कोणी नव्हतं. मचव्यावर शेवटची गाठोडी चढत होती, भरती उतरायला लागली होती. ठमाने पाटी खाली ठेवली. पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि शेदीडशे पुरुषांसमोर, आयुष्यात दुसऱ्यांदा, उखाणा घेतला.

"खाडीच्या पान्याला भरतीची लाट,
राघोचं नाव घेते, बारा वर्सं बघते वाट."

पहिल्या ओळीला हसलेली माणसं दुसरीला गप्प झाली. एका वकिलाने पगडी उगाच काढून पुन्हा घातली. आत कुठेतरी ठमाला फार बरं वाटलं. नाव तोंडात गोड लागलं होतं. इसाकमियांनी टाक बुडवून लिहिलं आणि लिहिताना मोठ्याने म्हणाले, "राघो. खलाशी. ठाणे जिल्हा."

मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, दोर गुंडाळत बसलेला, जन्मभर जहाजं चालवलेला म्हातारा हसन तांडेल उठून उभा राहिला. तो फळीवरून धक्क्यावर आला आणि ठमाच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"राघो? हनुवटीवर चिरेची खूण? गुळाशिवाय चहा न पिणारा?"

"तोच," ठमा म्हणाली. तिला रडू आणि हसू दोन्ही येत होतं. "कुठं हाय?"

हसनने डोक्यावरची टोपी काढली. "बेटी, आठ वर्षं झाली. एडनच्या अलीकडे तापाने गेला. माझ्या हातांनी शिडाच्या कापडात गुंडाळला."

ठमा खाली बसली. पाटीतलं मीठ हाताखाली आलं, तशी ती मुठी आवळत राहिली. मी नाव घेतलं, तिच्या मनात आलं, नाव घेतलं आणि तो मेला. आठ वर्षांपूर्वी मेलेला माणूस आज मरत नाही, हे तुम्हाआम्हाला कळतं. तिला त्या क्षणी कळलं नाही, आणि पुढेही पुरतं कधी कळलं नाही.

"तू मला विचारलं होतंस," हसन म्हणाला. "इथेच. दोनदा. रामाच्या नावाचा म्हणालीस. मी म्हटलं, माझ्या जहाजावर रामा कोणी नव्हता. बेटी, तू एकदा नाव घेतलं असतंस तर..."

"मंग घरी निरोप का नाय दिलात?" ठमा म्हणाली. राग कोणावर काढायचा हे तिला कळत नव्हतं. "इतकी वर्सं!"

"दिला असता. मी त्याला विचारलं, गाव कोणतं. तेव्हा ताप डोक्यात गेला होता, नुसतं खाडीकाठ म्हणाला. खाडीला गावं काय थोडी आहेत? पण रात्रभर एकच धोशा. तिला सांगा, तिला सांगा. म्हटलं, तिला म्हणजे कोणाला? नाव सांग, मी शोधून काढीन. तर लाजला. मरता मरता लाजला बघ. बायकोचं नाव परक्यासमोर घेईना. नुसतं तिला, तिला करत गेला."

इसाकमियांनी टाक उचलला होता, तो तसाच हवेत होता. खोडायचं की ठेवायचं, त्यांनाही सुचेना.

ठमाने डोक्यावरचा पदर मागे सारला. डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत. ती हसनकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ठमा. ठमा नाव हाय माजं."