पुढचे तीन मीटर

नोटीस घेऊन महापालिकेचा माणूस आला, तेव्हा मल्लव्वाबाई देवळाच्या ओवरीत मुलांना गोल काढायला शिकवत होत्या. प्रत्येकाच्या पुढ्यात एक करवंटी पालथी घातलेली, आणि तिच्याभोवती खडू फिरवताना बत्तीस जिभा दातांत धरलेल्या. बाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि कमरेला खोचला. "चालू दे तुमचं," त्या मुलांना म्हणाल्या. पण त्यांचा स्वतःचा पुढचा गोल काही केल्या जुळेना.

विनापरवाना सुरू केलेलं बांधकाम ताबडतोब थांबवावं, एवढंच त्या कागदात होतं.

बांधकाम कसलं, गुडघाभर खोल चर आणि त्यात पुजलेला एक दगड. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी कोल्हापूरच्या कडेच्या या वस्तीत बालवाडी सुरू केली, त्याला चार वर्षं झाली होती. आता सत्त्याण्णव साल उजाडलं होतं. देवळाची ओवरी पावसात गळायची, म्हणून पंचांनी ती पाडून नवी बांधायचं ठरवलं आणि दिवाळीपर्यंत जागा मोकळी करून द्या, असं बाईंना हात जोडून सांगितलं. त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण बत्तीस मुलं न्यायची कुठे?

तेव्हा बाईंचे थोरले भाऊ आण्णा पुढे झाले. "माझा रस्त्याकडंचा प्लॉट पडूनच हाय की. बांध दोन खोल्या. पोरं काय हवेत बसवतीस व्हय?"

आणि लगेच अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला. जंगमस्वामींनी पूजा सांगितली, दगडाला विभूती लागली, बेलाची पानं पडली आणि आण्णांनी आपल्या हातांनी ईशान्य कोपऱ्यात, अगदी रस्त्याला लागून, दगड बसवला. परवानगीचं कुणाच्या मनातही आलं नाही. "मुहूर्त गाठायचा, कागद मागनं हुत्यात," केरबा गवंडी म्हणाला. त्या वस्तीतली निम्मी घरं अशीच उभी राहिली होती.

नोटीस वाचून देवळाच्या पुजाऱ्यांनी एक नाव सांगितलं. शाहूपुरीत मृत्युंजय म्हणून एक इंजिनीअर आहेत. नकाशा काढण्यापासून परवाना हातात पडेपर्यंत सगळं तेच बघतात.

मृत्युंजयचं ऑफिस गुळाच्या दुकानावर माडीवर होतं. जिन्याच्या पायऱ्याही चपलेला चिकटत होत्या. तिशीतला, चष्मा लावलेला माणूस. त्याने नोटीस वाचली आणि विचारलं, "खुदाई किती झाली?"

"गुडघाभर. परवानगी काढली नव्हती. मुहूर्त होता," बाई म्हणाल्या. पाढा चुकलेल्या मुलीसारखा त्यांचा आवाज झाला होता.

तो हसला. "बाई, या खुर्चीवर बसणारा प्रत्येक माणूस हेच सांगतो. चूक झाली खरी, पण दुरुस्त होण्यासारखी आहे. चर बुजवून घ्या. काम थांबवलंय असं आपण लेखी कळवू, मग रीतसर अर्ज करू."

बाईंनी पिशवीतून वही काढली. "सावकाश सांगा. काय काय लागतं आणि का लागतं, दोन्ही सांगा."

मृत्युंजयने नोटीस बाजूला ठेवली. "लोक म्हणतात, तेवढं तुम्ही बघा. समजावून सांगा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मग त्याने समजावलं. जागेचा उतारा जागा कुणाची ते सांगतो. मोजणीचा नकाशा ती कुठपर्यंत आहे ते सांगतो. बांधकामाचा नकाशा आपण तिथे काय करणार ते सांगतो. तो तास दीड तास बोलला आणि बाईंना वाटलं, चांगला मास्तर झाला असता हा.

अडचण दोन दिवसांनी जागेवर कळली. मृत्युंजयने टेप लावली, नकाशा बघितला, पुन्हा टेप लावली. केरबाने चुन्याच्या फक्कीची रेघ मारली होती ती थेट रस्त्याच्या कडेला. नियमाप्रमाणे पुढे तीन मीटर जागा मोकळी सोडायला हवी होती. म्हणजे पुढची भिंत, दार आणि आण्णांचा दगड, सगळंच त्या तीन मीटरांत येत होतं.

"मागं घ्यावं लागेल," मृत्युंजय म्हणाला.

"काय मागं घ्यायचं?" आण्णांनी पटका सावरला. "दगड पुजलाय. पुजलेला दगड हलवायचा म्हंजे काय गंमत हाय? त्या हापिसात जावा, सायबाला सांगा, म्हातारा न्हाय म्हणतोय."

"साहेबांनी नियम केलेला नाही, आण्णा. आणि जागा अजून तुमच्या नावावर आहे. अर्जावर तुमचीच सही लागणार."

"मग न्हाय करत सही! दगड हलला तर जागा माझी मला. तुझ्या पोरांचं तू बघ, मल्लव्वा." आणि आण्णा तरातरा निघून गेले.

मुलांना शिकवता शिकवता चाळीस वर्षांत बाई एक गोष्ट शिकल्या होत्या. तीनदा सांगूनही मुलाला समजलं नाही, तर चौथ्यांदा सांगू नये. त्याला घेऊन जावं आणि दाखवावं. मूल काय आणि आण्णा काय. त्यांनी मृत्युंजयशी दोन शब्द बोलून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बत्तीस मुलांना घेऊन प्लॉटवर आल्या. चर बुजवला होता, पण दगडाचा माथा आणि पांढरी रेघ अजून दिसत होती. त्यांनी मुलांना रेघेच्या आत रांगेने बसवलं. आण्णाही आले. नको नको म्हणत, पण आले, आणि दगडाजवळ उभे राहिले. रस्त्याच्या एका टोकाला मृत्युंजय आणि दुसऱ्या टोकाला केरबा, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायला उभे केले होते.

"आण्णा, हे दार," बाई रेघेतल्या फटीकडे बोट दाखवून म्हणाल्या. मग मुलांकडे वळल्या. "सुट्टी!"

बत्तीस मुलं एकदम उठली. दारातून बाहेर पडली ती दोन उड्यांत रस्त्याच्या मधोमध. थांबणार कुठे? थांबायला जागाच नव्हती. नेमका तेव्हाच ज्ञानू गवळी दोन्हीकडे दुधाच्या किटल्या अडकवून सायकलवर आला. केरबाने हात आडवा केला होता, पण ज्ञानूच्या सायकलचे ब्रेक दसऱ्यापासून लागत नव्हते.

"आरं सरका! सरका!" ज्ञानू ओरडला.

आण्णा सत्तर वर्षांचे. पण पटका उडाला तरी धावले आणि दोन्ही हात पसरून मुलांपुढे उभे राहिले. ज्ञानूने सायकल समोरच्या कुंपणात घातली. कुणाला काही लागलं नाही, फक्त एक किटली कलंडली आणि दूध वाहत वाहत आण्णांच्या पायाशी आलं.

"मी माणसं उभी केली होती हो," बाई म्हणाल्या. मुलांना पुन्हापुन्हा मोजताना त्यांचा आकडा चुकत होता.

"केरबा, तू उभा हुतास का देखावा हुतास?" ज्ञानू कुंपणातून बोलला.

"तुझं ब्रेक बघ की आधी!"

एका चिमुरडीने आण्णांचं धोतर घट्ट धरलं होतं. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "ही सायकल हुती. दिवाळीनंतर हितनं उसाच्या ट्रॉल्या जात्यात."

"हो, आण्णा."

"एकामागं एक दोन-दोन."

"हो."

आण्णांनी पटका उचलून झटकला. "नकाशा आणा कुठाय त्यो. आणि दगडाचं काय करणार ते सांगा आधी."

मृत्युंजयने कागद आणलाच होता. "दगड हलवायचा नाही, आण्णा. तो आहे तिथेच राहील. भिंत मागे जाईल. पुढच्या मोकळ्या जागेत कुंपण-फाटकाखेरीज काही बांधता येत नाही, पण जमिनीत बसलेल्या दगडावर बसायला कुणाची हरकत असणार?"

आण्णांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "एवढं कालच बोलला असता तर?"

"काल तुम्ही ऐकायला थांबला नाहीत."

"हां. ते बी खरं हाय." आणि आण्णांनी तिथेच, केरबाच्या पाठीवर कागद ठेवून, सही केली.

त्यानंतरची धावपळ मृत्युंजयची. तो कितीदा महापालिकेत गेला याचा हिशेब बाईंना नव्हता, पण प्रत्येक वेळी परत येताना वाकडी वाट करून तो ओवरीत डोकावायचा आणि काय झालं ते सांगायचा. एकदा फाईल परत आली. मुलांच्या संडासाला नकाशात खिडकी दाखवायची राहिली होती. "त्यांनी काढलेली चूक बरोबर आहे, माझ्याच नजरेतून सुटलं," तो सरळ म्हणाला आणि नवा नकाशा काढायला बसला. चूक अशी कबूल करणारा मोठा माणूस मुलांनी बघितला, याचंच बाईंना अप्रूप वाटलं.

आषाढात परवाना आला. जोतं झाल्यावर महापालिकेचे इंजिनीअर येऊन मोजून गेले आणि जाताना मुलांना गोळ्या देऊन गेले. गणपतीपर्यंत भिंती आल्या, दसऱ्याला स्लॅब पडला. दिवाळीची सुट्टी संपायला दोन दिवस असताना, इमारत वापरायला हरकत नाही असं प्रमाणपत्र हातात पडलं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि या वेळी कमरेला खोचलं नाही, कपाळाला लावलं.

नव्या खोल्यांतल्या पहिल्या दिवशी त्यांनी मृत्युंजयला बोलावलं होतं. शाल-नारळ बघून तो दारातूनच मागे सरायला लागला. "बाई, हे माझं कामच आहे."

"काम तर होतंच. पण आम्हाला धाकात न ठेवता केलंत, समजावत केलंत. त्याचा हा नारळ. घ्या मुकाट्याने."

त्याने घेतला. मग बाईंनी त्याला भिंत दाखवली. मंजूर नकाशाची एक प्रत तिथे लावली होती, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. मुलं एकेक करून येत होती आणि आपण कुठे बसतो तिथे बोट ठेवत होती. मृत्युंजय खाली वाकून बघत राहिला. आपला नकाशा इतक्या खालून त्याने कधी बघितला नव्हता.

"सुट्टी!" बाई म्हणाल्या.

मुलं धावत सुटली. अंगणातली तीन मीटर जागा त्यांनी एका दमात ओलांडली आणि फाटकापाशी येऊन थांबली. बाहेरून उसाने लादलेली ट्रॉली धडधडत गेली. फाटकाशेजारच्या दगडावर आण्णा बसले होते, कडी हातात धरून. ज्याचं माणूस न्यायला आलं असेल, त्याच्यापुरतं फाटक ते उघडत होते.

मृत्युंजय नारळ काखेत घेऊन फाटकाशी आला आणि कडीला हात लावायला गेला.

"ओ पावणं!" आण्णा ओरडले. "रांगेनं की. तुमचा नंबर मागनं हाय."

बाई दारात उभ्या होत्या. एवढा मोठा इंजिनीअर मुकाट्याने शेवटच्या मुलीच्या मागे जाऊन उभा राहिलेला त्यांनी पाहिला. त्या मुलीने मागे वळून बघितलं आणि शिस्तीत त्याचं बोट धरलं.