खपली काढणारा हातोडा

मी एक जुना हातोडा आहे. मित्रांनो, जुना खुशाल म्हणा, पण बिचारा म्हटलेले मला खपत नाही.

जहाजबांधणीच्या गोदीतल्या लोहाराने एका मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून मला घडवले. एक टोक अणकुचीदार, दुसरे चपटे. ताईच्या वडिलांनी माझ्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली आणि निवृत्त होताना मला लेकीच्या हाती दिले. ताई आता इथली मुख्य वेल्डर आहे. दोन पत्रे वितळवून जोडले की जोडावर काळी खपली धरते. ती उडवून खालचा जोड उघडा करायचा, हे माझे काम. खपली कितीही गुळगुळीत दिसो, तिच्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

आम्ही नौदलासाठी एक पुरवठा जहाज बांधले. लढाऊ जहाजांना भर समुद्रात तेल, पाणी, पीठमीठ नेऊन देणारे. त्याला तोफा नाहीत म्हणून त्याचे फोटो कोणी काढत नाही. पण ते वेळेवर पोहोचले नाही, तर तोफांचेही काही चालत नाही.

त्याच्या तेलाच्या टाकीत आमचे चुकले. घाईच्या दिवसांत एका पाळीने खपली न काढताच वर दुसरा थर चढवला. ताईने माझ्या टोकाने एक जोड टोकरला, तो आत पोकळ लागला. तिने टाकीभर खडूने गोल काढले आणि सगळे जोड कापून पुन्हा करायला लावले. जहाजाला दीड वर्ष उशीर झाला. आमची छी थू झाली. मला आजही त्याची लाज वाटते, खोटे कशाला बोलू?

आता तशी आणखी तीन जहाजे हवी होती. ती इथेच बांधायची की परदेशातून बांधून आणायची, हे ठरवायला नौदलाचे एक अधिकारी आले. सगळे काम बाहेर गेले, तर वेल्डिंगचा विभाग बंद होणार होता. व्यवस्थापकांनी ताईला आधीच बजावले, "त्या टाकीचा विषय नको. जुन्या खपल्या कशाला काढायच्या?"

विषय अधिकाऱ्यांनीच काढला. "ताई, बाहेरची गोदी तीन वर्षांत जहाज देते. आमची जुनी जहाजं खिळखिळी झालीत. माझ्या पोरांनी भर समुद्रात तेलाची वाट बघत बसायचं का?"

"नाही बसायचं," ताई म्हणाली. "तुमचं खरं आहे. मागच्या वेळी आम्ही माती खाल्ली."

व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला.

"पण साहेब, ती चूक पकडली कोणी? आम्हीच ना? आमचा धंदाच खपली काढायचा! तीस जण आहेत माझ्याकडे. त्या टाकीनंतर एकानेही खपलीवर थर चढवलेला नाही. यांना आज घरी पाठवलंत, तर उद्या जहाज विकत मिळेल हो. पण ते फुटून परत आलं, तर दुरुस्तीला हे हात कुठून विकत आणणार?" तिने मला त्यांच्यापुढे धरले. "घ्या. हवा तो जोड ठोकून बघा."

त्यांनी चालू कामावर चार ठिकाणी ठोकले. खपल्या उडाल्या, खालून जोड चकचकीत निघाले. मला ताईच्या हाती परत देऊन ते गेले.

महिन्याने निर्णय आला. दोन जहाजे बाहेर, तिसरे आमच्याकडे. विभागात कोणी नाचले नाही आणि कोणी रडलेही नाही. व्यवस्थापकांनी मात्र खूश होऊन दर्शनी दालनात माझ्यासाठी काचेचे कपाट करवले. मला तेल चोळले, मखमलीवर निजवले आणि खाली चिठ्ठी लावली, 'जुने अवजार'. आयुष्यभर ठिणग्या अंगावर घेतल्या, पण त्या मखमलीइतके मला काहीच टोचले नव्हते. किती महिने तसाच पडून होतो.

मग एका सकाळी ताई आली आणि तिने सरळ कपाट उघडले.

"अगं, ते ठेवलंय ना तिथे!" व्यवस्थापक ओरडले.

"तिसऱ्या जहाजाचे पत्रे आलेत," ताई म्हणाली आणि मला खिशात घातले. "चिठ्ठी राहू दे कपाटात. तिला काही काम नाही."

मित्रांनो, अवजारांना आणि हातांना जपायचे असेल, तर काम द्या. आमचे चुकले, तर ठणकावून सांगा. आमची खपली आम्ही काढू.