टिपणीसकाकांची जुनी आवृत्ती

मुकुलने तिसऱ्यांदा प्रोग्राम उघडला आणि तिसऱ्यांदा तीच लाल फुली आली. मुलुंडच्या टिपणीसांकडे तो सईला मागणी घालायला आला होता, आणि अर्ध्या तासात तिच्या वडिलांच्या लॅपटॉपपुढे इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सारून बसला होता.

तिच्या वडिलांची, नंदकिशोरकाकांची, अट एकच होती. पत्रिका जुळली तर हो, आणि ती जुळवायची त्यांच्या वीस वर्षं जुन्या प्रोग्रामवर. बिल्डिंगमधली निम्मी लग्नं त्यानेच लावली होती. नेमका तोच नव्या लॅपटॉपवर चालेना.

"काका, ह्याला आधाराला जे सॉफ्टवेअर लागतं ना, त्याची जुनी आवृत्ती हवी. तुमच्याकडे नवी आहे. दोघांचं पटत नाही."

"मग पटवून दे," म्हणत काका आत पाणी प्यायला गेले, तशी सई त्याच्या कानाशी आली.

"नाही होत म्हणून सांग ना रे! सुटू आपण."

सल्ला सोन्यासारखा होता. पण अंधेरीच्या ऑफिसात सात वर्षं हेच काम केलेल्या मुकुलला समोर एरर दिसत असताना गप्प बसणं म्हणजे आलेली शिंक दाबणं. त्याने नवी आवृत्ती काढली, जुनी शोधून बसवली. प्रोग्राम गणपतीच्या चित्रासकट झकास उघडला. काका बाहेर आले.

"एक लक्षात ठेवा, काका. 'नवी आवृत्ती आली आहे, बसवू का?' असं हे सारखं विचारणार. कधीही 'हो' म्हणू नका. म्हटलंत की वाट लागली."

"बरं. जन्मवेळ सांग तुझी."

छत्तीसपैकी अठरा गुण तरी हवेत. आले साडेअकरा. सईने डोळे मिटून घेतले. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतलेल्या मुकुलला रडायचंच काय ते बाकी होतं.

काकांनी त्या आकड्याकडे बघितलं, मग मुकुलकडे.

"सई काय सांगत होती, ते ऐकलं मी आतून. तरी दुरुस्त केलंस?"

"बिघडलेलं तसंच ठेवून उठणं जमत नाही मला, काका."

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात ती चौकट आलीच. बसवू का? काकांनी चष्मा नीट केला आणि सावकाश 'हो'वर क्लिक केलं. थोड्या वेळाने लाल फुली परत आली.

"अरेरे! गेलं वाटतं," काका म्हणाले. "आता पत्रिका कशी बघायची?"

मुकुलचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला. काकांनी तो मध्येच धरला आणि त्यात पोह्यांची बशी ठेवली.