सूनबाईच्या नावाचा नारळ

कॅन्सरच्या रुग्णाला खरं कसं सांगावं, हे मनिषा तीन दिवस शिकली आणि तिन्ही दिवस घरी येऊन सासऱ्यांना खोटं सांगत राहिली. शिक्षण वाया गेलं असं नाही; ते रत्नागिरीतच राहिलं, संगमेश्वरच्या एस्टीत चढलं नाही, इतकंच.

मनिषा नर्सिंग कॉलेजात शिकवायची. बरा न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाचं दुखणं डॉक्टर, नर्स, समाजसेवक अशा सगळ्यांनी मिळून कसं हलकं करावं, हे विद्यार्थ्यांना शिकवता यावं म्हणून शिक्षकांचंच हे प्रशिक्षण होतं. 'इथे कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही,' असं मोठ्या डॉक्टरांनी पुढच्या सोफ्यावरून सांगितलं, आणि नर्सबाईंनी जरा चहाचं बघावं असंही. समाजसेवकाला जेवणानंतरची वेळ मिळाली. त्याचं भाषण निम्म्या सभागृहाने डोळे मिटून ऐकलं.

शेवटच्या दिवशी नाटुकलं होतं. खोट्या रुग्णाला खरा आजार सांगायचा. मनिषाने तो इतका सुरेख सांगितला की मुंबईहून आलेल्या डॉ. मृणालींनी डोळे पुसले आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मनिषाला त्या टाळ्यांची लाज वाटली. घरी तिचे सासरे काशीराम अन्ननलिकेच्या कॅन्सरने खंगत चालले होते आणि 'अल्सर आहे हो बाबा' हे वाक्य तिचंच होतं. नवरा निलेश मुंबईहून फोनवर बजावायचा, "बाबा हाय खातील. माझी शपथ आहे तुला." शपथेपुढे प्रमाणपत्राचं काय चालणार! पण म्हाताऱ्याला काही आवरायचं, सोपवायचं असेल तर फार दिवस उरले नव्हते, आणि हे तिला आतून कुरतडत होतं.

प्रमाणपत्र पाहून काशीराम हरखले. "सून मास्तरांची मास्तरीन झाली! देवाला नारळ ठेवाया पायजे."

रविवारी निलेश आला, वाडीतली दहा-बारा माणसं देवळात जमली. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागायचा मान काशीरामांचाच. घास गिळताना डोळ्यांत पाणी येणाऱ्या त्या माणसाने आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"सुनेला येस दे!"

"व्हय म्हाराजा!"

"ती भाकऱ्या थापताना क्यान्सर कसा सांगाचा ता पाठ करते, पन माज्याफुडं तोंड उघडत नाय. तिला बळ दे!"

"व्हय म्हाराजा!"

"माज्या पोराला वाटतंय बापूस घाबरंल. त्याची भीती घालव!"

"व्हय म्हा—" निलेशच्या तोंडून सवयीने निघालं आणि अर्ध्यात अडकलं. बाकीच्यांनी पुरं केलं. देवाकडे काय मागितलंय ते ऐकून मग हो म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

काशीरामांनी नारळ फोडला आणि सुनेकडे वळले. "आता सांग, बाय. किती दिवस?"

शिकलेलं एकही वाक्य मनिषाला आठवेना. ती त्यांच्या पायाशी बसली, हमसून रडली आणि म्हणाली, "भातकापणीपर्यंत, बाबा. फार तर."

म्हाताऱ्याने मान हलवली. मग लेकाला हाक मारली.

"निल्या, हितं माज्याजवळ बस. गाऱ्हाना शिकाचा हाय तुला. आजपासनंच."