वाक्यात उपयोग करा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे.

आटगावजवळच्या या शाळेत मी आलो तेव्हा काळाकुळकुळीत होतो. पुढे रंग उडाला, तशी मला खिचडीच्या चुलीला आडोसा म्हणून उभं केलं. कितीतरी दिवस नुसता धूर खाल्ला. नेहा मॅडमनी मला तिथून उचललं, व्हरांड्यात टांगलं आणि आठवड्याला एक इंग्रजी वाक्प्रचार माझ्यावर लिहू लागल्या.

त्या आठवड्यात होता 'ब्रेक द आइस'. अर्थ : अनोळखीपणा घालवून बोलायला सुरुवात करणे. सहावीची पोरं परिपाठाला घसा फोडून म्हणायची. वाक्यात उपयोग करा म्हटलं, की गाइडातलं एकच वाक्य : जॉन ब्रोक द आइस ॲट द पार्टी. अरे, कोण हा जॉन? आटगावात त्याला पाहिलंय कोणी?

आणि माझ्याच खाली नवी आलेली सावळी नावाची पोर एकटी खिचडी खायची. तिचे आईबाप वीटभट्टीवरून नुकतेच गावी परतले होते. एकानेही तिला नाव विचारलं नाही. अर्थ मात्र सगळ्यांना तोंडपाठ! मला हात असते तर एकेकाचा कान पिळला असता.

एका दुपारी तिची आई, बाईजा, नेहा मॅडमकडे आली. "उद्यापासून नाय पाठवत हिला. कोन बोलत नाय हिच्याशी. घरी येऊन रडते पोर." सावळी दप्तर आवरू लागली.

तेवढ्यात वर्गातली हुशार रुचिता ओलं फडकं घेऊन मला पुसायला आली. तिने माझ्यावरचा अर्थ वाचला, सावळीकडे पाहिलं आणि पुन्हा वाचला. बाई गं, आता तरी तोंड उघड, असं मला झालं.

"सावळी, तुला सागरगोटे येतात?"

"येतात."

"मंग चल ना गो. माझ्यासंगं कोन खेळतच नाय."

सावळी हसली. बाईजाने तिच्या हातातलं दप्तर घेऊन परत जागेवर ठेवलं. फडकं माझ्या चौकटीवर तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, वाक्यात उपयोग करा. सगळ्यांनी पुन्हा जॉनलाच धरून आणलं. मग सावळी उठली आणि हळूच म्हणाली, "रुचिता ब्रोक द आइस."

मित्रांनो, मला खुशाल पुसा. पण पुसण्याआधी, माझ्यावर जे लिहिलंय ते एकदा तरी वापरत जा.