भेगेवरचा रंग

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो. पण मला पाहून तुम्हाला ते खरं वाटायचं नाही. माझी टाकी आकाशी आहे, चाकांवरचे पत्रे पांढरे आहेत आणि टाकीच्या कडेनं ओढलेली पिवळी रेघ इतकी सरळ आहे, की हवं तर पट्टी लावून बघा. रंग दोनच महिन्यांपूर्वीचा. हाडं मात्र बावीस वर्षांची. आज मला त्या रंगाविषयीच सांगायचं आहे.

माझं इंजिन लहान, अवघं शंभर सीसीचं. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या थोराड गाड्यांपुढे मी म्हणजे उंटांशेजारची शेळी. पहिली नऊ वर्षं मी एका मास्तरांकडे काढली. ते एकटेच बसायचे. कॅरियरला फार तर वह्यांचा गठ्ठा. रोज सकाळी मऊ फडक्यानं मला पुसायचे, आणि पुसता पुसता कुठे काय सैल झालंय ते बोटांनी चाचपायचे. त्यांच्या गुडघ्यांनी पुढे संप पुकारला, आणि मी एका रंगाऱ्याच्या दारात आले.

तिथे माझे लाड संपले आणि काम सुरू झालं. दोन्ही अंगांना वीस-वीस लिटरचे रंगाचे डबे, मागे आडवी बांधलेली शिडी आणि वर रंगारी. खड्डा आला की ते सगळं ओझं क्षणभर उचललं जायचं आणि धप्पदिशी माझ्या पाठीवर आदळायचं. चौकातले लोक म्हणायचे, "एवढीशी गाडी, पण ओढते किती!" रंगारी माझ्या टाकीवर थाप मारून म्हणायचा, "हत्ती आहे हत्ती!" मी फुगून जायचे. सीटखालून मागे जाणारा एक नळा असतो, त्यालाच धक्के झेलणारा शॉकअप बसवलेला असतो. त्या नळ्याला डाव्या अंगानं एक बारीक भेग पडली. नक्की कधी, ते मलाही सांगता येणार नाही. हत्ती म्हटलं की पाठ दुखते असं वाटून घ्यायचीही लाज वाटते.

रंगाऱ्याचं घर दोन खोल्यांचं. घरात त्याची आई, त्याची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलगी एका जागी म्हणून ठरायची नाही, तेव्हा सगळे तिला भिंगरी म्हणत. बायको एका लॉन्ड्रीत कपड्यांच्या घड्या घालायची. तिच्या हातात जादू होती. चादर घ्यायची आणि बघता बघता तिची वीट करून ठेवायची.

कपाटाच्या दाराला आतून एक नकाशा चिकटवलेला होता. त्यावर एक नदी होती, डोंगरातल्या उगमापासून समुद्रापर्यंत. लग्न ठरलं तेव्हा दोघांनी ठरवलं होतं, की गाडीवरून या नदीच्या काठाकाठानं जायचं, रोज संध्याकाळी पाण्याजवळ तंबू ठोकायचा आणि शेवटी समुद्रात पाय बुडवायचे. मग भिंगरी आली. मग सासऱ्यांचं आजारपण आलं. मग सासूबाई मोरीत पाय घसरून पडल्या. बारा वर्षं तो नकाशा कपाटात साड्यांना टेकून उभा राहिला.

यंदा रंगाऱ्याच्या बहिणीनंच निरोप धाडला, "आईला आणि भिंगरीला मी अठरा दिवस ठेवून घेते. पण अठराच हं, वहिनी. एकोणिसाव्या दिवशी मी दार उघडणार नाही."

आणि घरात तयारीची धांदल उडाली. मला ओसरीत उभं करून सगळा बेत माझ्यासमोरच शिजायचा. बायकोनं एक वही केली. तंबू, खुंट्या, चटया, छोटा स्टोव्ह, पातेलं, प्लगपाना, सुटी क्लचवायर. प्रत्येक वस्तू तराजूच्या आकड्याला टांगून तोलायची आणि वहीत वजन लिहायचं.

"चमचा एकच घेतलाय," ती म्हणाली.

"आणि मी काय बोटांनी खाऊ?"

"आळीपाळीनं खायचं. तेवढंच भांडायला निमित्त."

सासूबाई खाटेवरून पाहत होत्या. "एवढंसं तट्टू आणि त्यावर अख्खा संसार! अरे, त्याला विचारा तरी एकदा, झेपतंय का म्हणून."

"आई, तट्टू नाही, हत्ती आहे," रंगारी हसला.

म्हातारीचं बोलणं सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मी मात्र, मित्रांनो, मनातल्या मनात म्हणत होते, विचारा ना. खरंच विचारा.

त्या वहीच्या पहिल्या पानावर पहिलं काम लिहिलेलं होतं: 'गाडी मिस्त्रीला दाखवणे.' बायकोनं त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. पण रंगाऱ्याला वाटलं, मिस्त्रीला काय दाखवायचं? तेरा वर्षं आपल्याच हातातली गाडी. त्यापेक्षा हिला असं नटवू, की बायको बघतच राहील. एका रविवारी त्यानं माझे बाजूचे पत्रे उतरवले, जुना रंग पॉलिश पेपरनं घासला आणि घासता घासता त्याला ती भेग दिसली.

तो रंगारी होता हो. आयुष्यभर त्यानं भेगा पाहिल्या त्या भिंतींच्या. भिंतीला भेग दिसली की काय करतात? खरवडतात, पुट्टी भरतात, घासतात, प्रायमर मारतात, वर दोन हात रंग. त्यानं तेच केलं, आणि अगदी मन लावून केलं. त्या पुट्टीचा गारवा मला अजून आठवतो. दुखऱ्या जागी कुणी पावडर लावून वर नवा सदरा चढवावा, तसं वाटलं. मग त्यानं वही उघडली, पहिल्या कामासमोर बरोबरची खूण केली आणि शीळ घालत हात धुवायला गेला.

बायको कामावरून आली आणि दारातच थांबली. "अगंबाई! ही आपलीच का?" तिनं पिवळ्या रेघेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "मिस्त्री काय म्हणाला?"

"ठणठणीत आहे म्हणाला," रंगाऱ्यानं सांगितलं.

निघायला पाच दिवस उरले तेव्हा त्यांनी सगळं सामान बांधून मला गावाबाहेरच्या चढापर्यंत नेऊन आणलं. दोघं, तंबू, पिशव्या, सगळं. येताना उतारावर बायको म्हणाली, "अहो, माझ्याखाली काहीतरी डुलतंय."

"सामान डुलत असेल."

"सामान मी बांधलंय. ते डुलायचं नाही."

"मग रस्ता डुलत असेल!"

ती हसली नाही. मी जिवाच्या आकांतानं करकरत होते. रंगाऱ्यानं घरी आल्यावर साखळीला तेल घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी मला पुसायला आली. तिला बरोबर नेणार नव्हते, तेव्हा ती फुरंगटलेली होती. पण पुसायचं काम तिनं हट्टानं मागून घेतलं होतं. सीटखाली फडकं घालता घालता ती ओरडली, "बाबा, तुमच्या रंगात केस चिकटलाय!"

ब्रशचा केस रंगात राहणं म्हणजे रंगाऱ्याची बेअब्रू. तो तोंडातला ब्रश तसाच ठेवून, दात घासत घासत बाहेर आला. "माझ्या रंगात? दाखव कुठाय."

"हा बघा. मी ओढला, पण निघतच नाही."

रंगारी वाकला. त्यानं नखानं तो केस उचकटून पाहिला, आणि त्याचं नख आत गेलं.

किती वेळ तो तसाच वाकून होता, मला ठाऊक नाही. फेस हनुवटीवरून ओघळून छातीवर पडला तरी त्याला कळलं नाही. मग तो खाली फरशीवर बसला. त्याला त्याच्या धंद्यातली एक गोष्ट पक्की माहीत होती: भरलेली भेग पुन्हा उघडली, तर दोष पुट्टीचा नसतो, आतली भिंतच हलत असते. अशा घरात तो स्वतः कधी शिडी लावत नसे.

"आईला बोलाव," तो भिंगरीला म्हणाला.

बायको ओल्या हातानं बाहेर आली. त्यानं तिला भेग दाखवली. म्हणाला, "मिस्त्रीकडे मी गेलोच नव्हतो. खूण नुसतीच केली."

ती भेगेकडे पाहत राहिली, मग माझ्या मागच्या सीटकडे. मला कळत होतं ती कसला हिशोब करतेय. अठरा दिवस, घाटातली वळणं, उतार, आणि तिथे नेमकी कोण बसणार होती. सासूबाईंनी आतून विचारलं, "काय झालं गं?" तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काही नाही आई. झालं नाही, ते बरं."

त्याच दिवशी रंगाऱ्यानं मला वेल्डरकडे नेलं. वेल्डरनं मला उघडं केलं, पुट्टी खरवडली आणि नळ्यावर हातोडीनं टकटक केलं. आवाज बद्द आला.

"पुट्टी कुणी भरली ही?"

"मी," रंगारी म्हणाला.

"छान भरली आहे," वेल्डर म्हणाला. तो टोमणा होता की शाबासकी, कुणास ठाऊक. रंगाऱ्यानं मान खाली घातली. "हे बघा दादा, पट्टी टाकून जोड देतो. पण नळा आतून गंजलाय. एक माणूस, मोकळा, सावकाश. दोघं आणि वर तंबूबिंबू नाही. माझी जबाबदारी नाही."

त्या दिवशी मी घरी परतले ती जोडाजवळ काळी पडून. रंगारी ओसरीच्या पायरीवर बसला. "पुढच्या वर्षी दुसरी गाडी बघू," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षाचं नाव काढू नका." ती पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "बारा वर्षं पुढचं वर्षच चाललंय. मला समुद्र नंतरही दिसेल हो. मला तुमच्या मागे बसायचं होतं. तुमच्या पाठीला टेकून, कुणालाही काहीही करून न घालता, नुसतं बसायचं होतं. आणि तुम्ही मला खुशाल सांगितलंत, ठणठणीत आहे."

सासूबाई खाटेवर उठून बसल्या. त्या एरवी लेकाची बाजू घेणाऱ्या, पण म्हणाल्या, "सूनबाई, तू जा. हा येवो न येवो. लेकीकडे जायची माझी पिशवी भरून झालीय, मी काही ती सोडणार नाही."

बायकोनं डोळे पुसले आणि वही उघडली. पहिल्या पानावरची ती खोटी खूण तिनं खोडली. मग बसचं वेळापत्रक मागवलं. नदीकाठच्या कुठल्या कुठल्या गावांना बस थांबते ते नकाशावर शोधलं. अठरातले नऊच मुक्काम उरले. तंबू घेऊन ती बसनं जाणार, आणि रंगारी एकटा, मोकळा, माझ्यावरून सावकाश.

असं आम्ही निघालो. मित्रांनो, इतकी हलकी मी मास्तरांनंतर कधीच नव्हते, आणि इतकी जडही कधी नव्हते. बस पुढे निघून जायची. तिची खिडकी दिसेनाशी होईपर्यंत रंगारी बघत राहायचा. खड्डा आला की त्याचा डावा हात आपसूक मागे जायचा, तिला सावरायला. रिकाम्या सीटवर टेकायचा आणि परत यायचा. नदी शेजारून वाहत होती. तो तिच्याकडे फारसं पाहत नव्हता.

पहिल्या संध्याकाळी आम्ही थांब्यावर पोचलो, तेव्हा ती तंबूच्या वळकटीवर बसून होती. तो काही बोलणार, तेवढ्यात तिनं हातानंच थांबवलं. ती आधी माझ्याजवळ आली. वाकून सीटखाली हात घातला, जोडावरून बोट फिरवलं, वर, खाली, पुन्हा वर. तिचं बोट काळं झालं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तोंड नसतं, आणि घरातल्या कितीतरी माणसांना असूनही ती बोलत नाहीत. आम्हाला सजवा, आमचं कौतुक करा, आम्हाला ते आवडतं. पण त्याआधी एकदा असा हात फिरवा. दुखतं कुठे ते हाताला कळतं, आणि ते एकदा कळलं, की त्यावर रंग मारू नका.

ती उभी राहिली. काळं बोट तिनं रंगाऱ्याच्या सदऱ्याला पुसलं आणि म्हणाली, "आज जोडानं धरलंय. उद्या पुन्हा बघीन. चला, खुंट्या ठोका."