उजवा तिचा, डावा माझा

बेकरीत तिला सगळे पैलवान म्हणत. पीठ मळायचं यंत्र महिन्यातून दोनदा तरी रुसायचं, आणि त्या दिवशी अर्धं पोतं पीठ ती एकटी हातांनी मळून मोकळी व्हायची. नावाचा तिला राग नव्हता. बायकांना नाजूक-साजूक म्हणतात, त्यापेक्षा हे बरं, असं तिचं मत होतं.

घरी त्या हातांचं कौतुक करणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे तिची सासू. रोज संध्याकाळी सातला पैलवान बेकरीतून येई, हात-तोंड धुई आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून सासूचे पाय मांडीवर घेई. मग एकीकडे अंगठे चालत आणि दुसरीकडे तोंड. मालकाने आज कोणाला झापलं, कोणाच्या हातून अख्खा ट्रे जळला, भट्टीवाल्याची बायको कितव्यांदा रुसून गेली, सगळं साग्रसंगीत. सासू डोळे मिटून ऐके आणि मधूनच म्हणे, "काय हात आहे गं तुझा!" अकरा वर्षं हे असं चाललं होतं. त्या घरात दुसऱ्या कोणालाच न जमणारी एक गोष्ट आपण करतो, याचा पैलवानला मनातून फार अभिमान होता. नवऱ्याला तर आईचे पाय दाबायला सांगितलं की त्याचीच पाठ दुखायला लागायची.

सासूने तीस वर्षं शिवणाच्या दुकानात मशीन चालवलं होतं. आता घरी बसून ती लोकांच्या चेन बदलून द्यायची, कपडे आखूड-लांब करून द्यायची. हातशिलाई असली की खुर्चीत उजवा पाय डाव्यावर टाकून तासन् तास तशीच बसायची. त्या वर्षी तिची उजव्या पायातली चप्पल चालता चालता गळून पडायला लागली. मग पायपुसण्यात अंगठा अडकायला लागला, पायाच्या वरच्या अंगाला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली नस दबली आहे, फिजिओकडे जा.

"माझे हात काय गहाण टाकलेत?" पैलवान म्हणाली. "मी दोन दिवसांत मोकळी करते तुमची नस."

पण नवऱ्याने चिठ्ठी घेऊन वेळ ठरवली होती. पैलवान रजा टाकून सोबत गेली, आणि गेली ती मुळात खोट काढायलाच.

औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. बाहेर बाक, मग पडदा, पडद्याआड उंच टेबल. फिजिओ निघाली विशीतून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी. मनगटं अशी की पावाचा ट्रे उचलायला सांगितला तर ट्रेसकट खाली बसेल. पैलवानने तिथल्या तिथे मनात तिचं बारसं केलं, काडीपैलवान.

पडद्याआडून आवाज येत होते. कधीपासून, कुठे, कसं. मग काडीपैलवानने विचारलं, "मावशी, घरी कोणी पाय दाबून देतं का?"

पैलवान बाकावर ताठ बसली. आता येईल आपलं नाव, असं तिला वाटलं.

"नाही हो," सासू म्हणाली, "कोणी नाही."

कोणी नाही! अकरा वर्षं आणि कोणी नाही! पैलवानच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठली, धाडधाड जिना उतरली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. त्यामुळे पुढचं वाक्य तिने ऐकलंच नाही. ते ऐकलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती.

अर्ध्या तासाने सासू कठडा धरून खाली आली. चेहरा खुललेला. "काय हलका हात आहे गं पोरीचा!" ती म्हणाली. "दाबलं म्हणून कळतसुद्धा नाही."

"मग दाबलं तरी कशाला?" पैलवान म्हणाली.

त्या संध्याकाळी सातला ती मुकाट्याने पलंगापाशी बसली. म्हटलं, अपमान झाला म्हणून काम सोडायचं नाही. तिने सवयीने उजव्या पायाकडे हात नेला, तर सासूने तो पाय हळूच मागे ओढला आणि डावा पुढे केला. "आजपासून हा दाब."

"हा तर चांगला आहे!"

"चांगला आहे म्हणून काय झालं? त्यालाही वाटतं."

म्हणजे दुखरा पाय तिला आणि धड पाय मला! पैलवान डावा पाय दाबत बसली, पण त्यात काही राम नव्हता. भरल्या पोटाच्या माणसाला जेवायला वाढावं तसं ते काम. भट्टीवाल्याच्या बायकोची बातमीसुद्धा तिने दोन वाक्यांत उरकली.

मंगळवार आणि शुक्रवार हे आता सासूचे खास वार झाले. त्या दिवशी ती सकाळपासून केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून तयार. घरात प्रत्येक वाक्याची सुरुवात 'ती म्हणाली' अशी व्हायला लागली. ती म्हणाली, पायावर पाय टाकायचा नाही. ती म्हणाली, गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. ती म्हणाली, पाऊल असं वर, असं खाली, दहादा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही, पैलवान मनात म्हणे. आपण रक्त आटवायचं आणि नाव काडीपैलवानचं.

तिने एकदा पडद्याच्या फटीतून पाहिलंही. ती मुलगी एका हाताने टाच तोलून धरत होती आणि दुसऱ्या हाताच्या दोन-तीन बोटांत गुडघ्याखालचं बाहेरच्या बाजूचं हाड धरून ते इवलंसं पुढे-मागे सरकवत होती. मग पोटरीच्या कडेने बोटं फिरवायची, गुडघा वाकवायचा, सरळ करायचा. घाम नाही, दम लागणं नाही. याला काम म्हणतात? बेकरीत त्या दिवशी पैलवानने सगळा राग पिठावर काढला. मालक पाव हातात घेऊन म्हणाला, "हे खायला केलेत की भिंत बांधायला?"

तिसऱ्या आठवड्यात सासू दारापासून कोपऱ्यापर्यंत जाऊन आली आणि चप्पल पायातून निसटली नाही. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. पैलवानही हसली. खरं सांगायचं तर तिला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं याचं त्याहून वाईट वाटलं होतं. आईंना बरं वाटावं असं तिला मनापासून वाटत होतं. फक्त ते आपल्या हाताने वाटावं, एवढंच.

त्या संध्याकाळी तिने डावा पाय बाजूला सारला. "आज उजवा द्या."

"राहू दे गं."

"का राहू दे? तुमचे पाय घरी कोणी दाबत नाही ना? आज कोणीतरी दाबेल."

सासूने तिच्याकडे पाहिलं. पडद्याआडचं ते वाक्य हिने ऐकलंय, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. मग तिने उजवा पाय उचलून सुनेच्या मांडीवर ठेवला.

पैलवानने तिची ती जुनी जागा शोधली. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा आहे, त्याच्या जरा खाली. तिथे अंगठा रोवला की आईंचा सगळा पाय झणझणतो, हे तिला पाठ होतं. झणझणणं म्हणजे गुण येणं, असा तिचा हिशेब. तिने सगळी ताकद लावली. सासूने चादरीचा कोपरा मुठीत धरला.

"बरं वाटतंय ना?"

"हो."

"तिच्यापेक्षा?"

"हो गं बाई, हो."

तीन संध्याकाळी असंच चाललं. तिन्ही दिवस पैलवानचे पाव असे हलके झाले की मालकाने स्वतः दोन घरी नेले.

शुक्रवारी सकाळी सासूचं पाऊल वर उचललंच गेलं नाही. न्हाणीच्या उंबऱ्याला अंगठा अडकला आणि ती पडली. कोपर सोललं, नशिबाने मोडलं काही नाही.

पैलवान तिला जवळजवळ उचलूनच जिना चढली. या वेळी ती बाकावर बसून राहिली, कान पडद्याला लावून. आत पाऊल वर, पाऊल खाली, अशी तपासणी चालली. मग काडीपैलवान म्हणाली, "मावशी, सगळं केलेलं पाण्यात गेलं. असंच राहिलं तर मला तुम्हाला सर्जनकडे पाठवावं लागेल, आणि तोवर शिलाई मशीनचं पायडल विसरा. घरी काय झालं, खरं सांगा."

"काही नाही. बसले असेन पायावर पाय टाकून."

पडद्याबाहेर पैलवानच्या मनात काय यावं? तिला वाटलं, हरली! हिच्याने झालं नाही आणि आता सर्जनच्या गळ्यात मारते. तिने पडदा सर्रकन ओढला.

"तुमच्याने होत नसेल तर तसं सांगा! तीन दिवस मी दाबतेय म्हणून निदान घरातल्या घरात तरी चालत होत्या. तीन दिवस कशाला, अकरा वर्षं मीच दाबतेय. कोणी नाही म्हणे!"

सासूने डोळे मिटून घेतले.

"कुठे दाबता, ताई?" फिजिओने शांतपणे विचारलं.

पैलवान ऐटीत पुढे झाली आणि तिने अंगठा बरोबर त्या जागेवर ठेवला. जोर लावायच्या आतच सासूचा पाय झटक्याने उडाला. मुलीने पैलवानचं मनगट धरलं. त्या काडीसारख्या बोटांत एवढी पकड असेल असं वाटलं नव्हतं.

"इथून नस जाते," ती म्हणाली. "वर मांस नाही, काही नाही, नुसती कातडी आणि खाली हाड. पायावर पाय टाकून ती दबलीच होती. त्यात इथे कोणी अंगठा रोवला तर ती हाडावर चिरडली जाते. पहिल्याच दिवशी मी मावशींना म्हटलं होतं, घरी कोणी दाबत असेल तर त्याला आधी थांबवा, नाहीतर माझ्या हाताचा काही उपयोग नाही. त्या तर म्हणाल्या होत्या, कोणी नाही."

पैलवानला पुढचं काही ऐकू आलं नाही. चांगला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि पायही आपला नव्हता.

"तिला रागावू नका," सासू भिंतीकडे बघत म्हणाली. "तिला काय माहीत?"

मुलगी रागावली नाही. शस्त्रक्रियेचं आत्ताच मनात आणू नका, म्हणाली, पण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

घरी जाताना दोघी फार सावकाश चालत होत्या. दोन चौक पैलवान सासूच्या पावलाकडेच बघत होती.

"किती दिवस दुखत होतं मी दाबताना?" शेवटी तिने विचारलं.

"झालं असेल वर्षभर."

"वर्षभर! आणि वर रोज म्हणत होतात, काय हात आहे गं तुझा!"

"काय हात आहे, एवढंच म्हणायचे. चांगला आहे, असं कुठे म्हणाले?"

पैलवानला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. "मग मला थांबवलं का नाहीत?"

सासू थांबली. तिने पाऊल नीट टेकवलं, सुनेचा दंड घट्ट धरला. "अगं, एरवी तू घरात असतेस ती ओट्याशी, ओट्यापासून सुटतेस ती धुण्याशी. अकरा वर्षांत पाय दाबायचा नसताना कधी टेकलीस माझ्यापाशी? आठव बरं."

पैलवानने आठवून पाहिलं. घर येईपर्यंत ती आठवत होती.

संध्याकाळी सात वाजले. पैलवानने हात-तोंड धुतलं आणि ती पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसली. मांडी रिकामी. हातांचं काय करायचं ते तिला कळेना. एकदा चादर सारखी केली, एकदा उशी झटकली. मग न राहवून विचारलंच, "खरं सांगा आई. हात कोणाचा चांगला?"

"तिचा," सासू म्हणाली. जराही थांबली नाही.

लागलं ते. अजूनही लागलं.

"पण मेली पायाखेरीज दुसरा शब्द काढत नाही," सासू पाय लांब करत म्हणाली. "अर्धा तास नुसतं छताकडे बघत पडायचं. ते जाऊ दे. भट्टीवाल्याची बायको परत आली का?"

पैलवानने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले आणि सांगायला सुरुवात केली.